घरच्या झाडांवर कीटकनाशक फवारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्ची असो, बाल्कनी असो नाहीतर घरामागचं परसू, झाडं म्हटली की कीड येणारच आणि कीड आली की ‘काय मारू?’ हा प्रश्न येणारच. खाली जे प्रश्न घेतलेत ते कुंडीतल्या आणि अंगणातल्या झाडांपुरतेच आहेत, शेतातल्या पिकाचं गणित वेगळं असतं, ते इथे लावू नका.

जास्वंदीवर पांढरं कापसासारखं काहीतरी आलंय, काय फवारू?

तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. तो कापूस नसून मेण आहे, त्यामुळे साधं पाण्यातलं औषध वरून घरंगळून जातं आणि आत ढेकूण मजेत रस शोषत बसलेला असतो. म्हणून फवारणी आधी नाही, आधी साफसफाई. शेंडे अगदीच भरले असतील तर कापा आणि पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका, तिथेच कुंडीखाली टाकून देऊ नका कारण पिल्लं चालत परत वर येतात. बाकीच्या फांद्यांवर पाण्याची जोराची धार मारा. थोडेच ढेकूण असतील तर मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसून काढा, मेण विरघळतं आणि ढेकूण मरतो. मग साबणपाणी किंवा नीमतेल, तेही एकदा मारून भागत नाही, अंड्यांवर सहसा काही परिणाम होत नाही म्हणून दर ५ ते ७ दिवसांनी, तीन वेळा तरी.

आणि खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. ढेकणाच्या अंगातून जो गोड चिकटा निघतो तो मुंग्या खातात, बदल्यात ढेकूण खायला येणाऱ्या मित्रकिड्यांना हाकलून लावतात. मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर कितीही फवारा, पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

पण कीड कुठली आहे हे ओळखायचं कसं?

पान उलटं करून. गंमत नाही, निम्मे लोक पान उलटं करतच नाहीत. मोबाईलचा कॅमेरा झूम करून पानाच्या खालच्या बाजूचा फोटो काढा, भिंगाची गरज नाही. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे मऊ किडे घोळक्याने बसलेत तर मावा. झाड हलवल्यावर पांढरी पाखरं भुर्रकन उडाली तर पांढरी माशी. बोट लावल्यावर तिरके चालतात, उड्या मारतात ते तुडतुडे. फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला आणि बारीक पिवळसर काड्या वळवळताना दिसल्या तर फुलकिडे. पानावर बारीक पांढुरके ठिपके, खाली धुळीसारखं काहीतरी आणि जास्त झालं असेल तर बारीक जाळी, तो लाल कोळी.

यातला कोळी वेगळा लक्षात ठेवा. त्याला आठ पाय, तो कीटकांत मोडत नाही, आणि मावा-तुडतुड्यांची नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मेले की तो जोरात वाढतो. उन्हाळ्यात गुलाबावर औषध मारल्यावर पानं आणखीच खराब झाली अशी तक्रार असते त्यातल्या बऱ्याच वेळा हाच प्रकार असतो. कोळ्यावर दोन-तीन दिवसाआड पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, आणि अगदीच आवरेना तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. मात्र पारा ३२-३५ च्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये हा पर्याय जवळपास बादच.

आणि हो, पिवळं पान म्हणजे कीडच असं नाही. जास्त पाणी, अडलेलं कुंडीचं भोक, जुनं पान, काहीही असू शकतं. कीड डोळ्यांनी दिसली नाही तर फवारू नका.

नीमतेल मारलं पण काहीच फरक पडला नाही, असं का?

कारणं बरीच असतात. पहिलं म्हणजे बाटली नक्की कसली आहे? पूजेच्या किंवा आयुर्वेदिक दुकानातलं कडुनिंबाचं तेल वेगळं आणि ज्याच्यावर अझाडिरॅक्टिन (कडुनिंबातला कीड आवरणारा घटक) अमुक पीपीएम, म्हणजे दहा लाखात इतके भाग, असं लिहिलेलं असतं ते वेगळं. ३००, १५००, ३०००, १०००० असे आकडे असतात आणि प्रमाण त्यावर ठरतं, १५०० वालं साधारण लिटरला ३ ते ५ मिली, १०००० वालं १ ते २ मिलीच. त्यामुळे मैत्रिणीने पाच मिली सांगितलं म्हणून पाच मिली असं करू नका, तिची बाटली कुठली होती ते विचारा.

दुसरं, तेल आणि पाणी मिसळत नाही हे शाळेत शिकलोय पण पंप हातात आला की विसरतो. तेल सरळ पाण्यात ओतलं तर ते वर तरंगत राहतं, पंपाची नळी तळातून पाणी ओढते, म्हणजे सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल, आणि ज्या झाडावर ते शेवटचं पडतं ते करपतं. आधी तेलात साबणाचे काही थेंब घालून एकजीव करा, मग थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी. मध्ये मध्ये पंप हलवत राहा.

तिसरं, नीम लगेच मारत नाही. किडीचं खाणं कमी होतं, कात टाकणं बिघडतं, पिढी पुढे सरकत नाही. दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधायला गेलात तर निराश व्हाल, आठवड्याने बघा. आणि ऊन लागलं की ते लवकर निकामी होतं म्हणून संध्याकाळीच मारायचं.

निंबोळी अर्क घरी करता येतो का?

येतो की. वाळलेल्या निंबोळ्यांच्या बिया जाडसर कुटायच्या, ५० ग्रॅम भुकटी एका लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळायची, चमचाभर साबणाचं पाणी घालायचं, झाला ५ टक्के अर्क. त्याच दिवशी वापरायचा, ठेवून जोर कमी होतो. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात तेव्हा गोळा करा, सावलीत वाळवा. बुरशी आलेल्या घेऊ नका. वास मात्र घरभर होतो, आधी घरच्यांची परवानगी घ्या!

भांड्यांचं लिक्विड चालेल का? आणि कपड्यांची पावडर?

लिक्विड सौम्य असेल तर लिटरला ५ मिलीपर्यंत चालतं, पावडर नको, त्यातला सोडा पानं जाळतो. साबणपाणी फक्त ओलं असेपर्यंत आणि किड्याच्या अंगावर पडलं तरच काम करतं, वाळलं की संपलं. म्हणजे पानाच्या खाली पोचलं नाही तर नुसतं झाड धुतल्यासारखं. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा, फर्नसारख्या नाजूक झाडांना हेही सोसत नाही. अर्ध्या-एक तासाने साध्या पाण्याने धुतलंत तर बरं.

दुकानातून रासायनिक औषध आणलंय, लेबलवर एकराचं प्रमाण आहे. मी एक लिटरला किती घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त गडबडही इथेच होते. लेबलवर एकरी किंवा हेक्टरी औषध किती आणि पाणी किती असे दोन्ही आकडे असतात, औषधाला पाण्याच्या लिटरने भागलं की लिटरचं प्रमाण निघतं. उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे रसशोषक किडींसाठी साधारण लिटरला ०.३ ते ०.५ मिली इतकंच लागतं. जास्तीत जास्त अर्धा मिली! आणि लोक काय करतात, झाकण भरून ओततात. झाकण पाच मिलीचं असेल तर झाला दहापट डोस, झाड करपतं, मधमाश्या मरतात, तुमच्या अंगावर उडतं ते वेगळंच, आणि कीड काही दहापट मरत नाही.

मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणा, सुई फेकून द्या, तिच्यावर मार्करने ‘विष’ लिहा आणि ती औषधाच्या डब्यातच ठेवा. स्वयंपाकघरातले चमचे आणि कप या कामाला कधीच नाही. भुकटी असेल तर छोटा डिजिटल काटा घ्या, अंदाजपंचे नको. पाच-दहा कुंड्यांना एक लिटर पुरतं, तेवढंच बनवा.

डब्यावर तो रंगीत चौकोन असतो त्याचा अर्थ काय?

कोपऱ्यावर उभा असलेला चौकोन, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी विषारी. घरच्या कुंड्यांसाठी लाल आणि पिवळा दुकानातच सोडून या, निळ्याशिवाय इलाज नसेल तर सगळी काळजी घेऊन, जमेल तेवढं हिरव्यावर भागवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं मात्र नाही, तेही औषधच आहे, पिण्याचं नव्हे.

कुंडीत दाणेदार थिमेट घालायला सांगितलं, आणि कोणीतरी नुवान सुचवलं. घालू का?

नाही. थिमेट म्हणजे फोरेट आणि नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, दोन्ही ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्याकडे बंद आहेत. तरी जुन्या लोकांच्या तोंडी ही नावं आहेतच, कुठेतरी मागच्या फळीवर डबाही सापडतो. फोरेट तर लाल खुणेचं, अंगणात कुत्री-मांजरं-मुलं फिरतात तिथल्या मातीत असलं काही घालायचं म्हणजे कमालच. तसंच सुटं, दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेलं औषध घेऊ नका. सीलबंद, लेबल असलेलं, तारीख उलटून न गेलेलं आणि पावतीसह. लेबल नाही म्हणजे काही झालं तर डॉक्टरला सांगणार काय?

कधी फवारायचं, सकाळी की संध्याकाळी?

ऊन उतरल्यावर संध्याकाळी सगळ्यात उत्तम, मधमाश्या परत गेलेल्या असतात. जमलं नाही तर सकाळी लवकर, पण मग दव सुकलेलं हवं. दुपारी अजिबात नाही. झाड सुकलेलं असेल तर आधी पाणी घाला, तहानलेल्या झाडावर औषध पडलं की पानं लवकर करपतात. वारा सुटला असेल तर सोडून द्या. पुढचे पाच-सहा तास पाऊस नको, कोकणात जुलैमध्ये असा मुहूर्त काढायचा म्हणजे अवघडच, तेव्हा तिथे पावसाळ्यात जैविक बुरशीची, म्हणजे किडीला मारणाऱ्या बुरशीपासून बनवलेली औषधं बरी पडतात. बिव्हेरिया किंवा लेकॅनिसिलियम नावाने मिळतात, लिटरला ५ ग्रॅम, त्यांना ओलावा लागतोच. फक्त त्यांच्याबरोबर बुरशीनाशक मारू नका, तीही बुरशीच आहे ना.

फवारताना नोझल बारीक धुक्यावर ठेवा, हात खालून वर न्या म्हणजे पानाची खालची बाजू भिजेल. पानावरून थेंब गळायला लागायच्या आत थांबायचं.

झाड फुलावर आहे, मारू का?

थांबता येत असेल तर थांबा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात जातात, तिथून परागात आणि मधातही. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये यांच्या (निओनिकोटिनॉइड) गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर मधमाश्यांसाठीच बंद केला. दोडका-काकडीची फुलं मधमाशीशिवाय धरत नाहीत, म्हणजे वेल वाचवायला गेलात आणि वेलाला काकडीच नाही असा प्रकार.

मिरचीची पानं आकसून गोळा झालीत, बोकड्या म्हणतात तो. कुठलं औषध?

एकच उत्तर नाही कारण बोकड्या तीन वेगवेगळ्या कारणांनी होतो. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान लांबट-अरुंद झालं तर कोळी. आणि पानं लहान, पिवळट, झाडच खुंटलंय, पांढरी माशी फिरतेय, तर विषाणू, त्याला कुठलंच औषध नाही. झाड मुळासकट काढून टाका, हळहळ वाटते पण ठेवलं तर शेजारची मिरची आणि टोमॅटोही जाईल. सुरुवातीपासून फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे टांगा, स्वस्त असतात आणि कीड किती आहे याचा अंदाजही येतो.

लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं अळ्या खातायत, काय करू?

आधी अळी बघा. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार, डिवचलं की डोक्यावर दोन शिंगं काढून घाण वास सोडते, ती फुलपाखराची अळी. लिंबावर असेल तर ती नीलवंतही असू शकते, म्हणजे २०१५ पासूनचं महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू! झाड मोठं असेल तर चार पानं खाऊ द्या, काही बिघडत नाही. रोप अगदी लहान असेल तर हाताने उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर सोडा. टोमॅटो-कोबीवर अळ्यांनी खरंच धुमाकूळ घातला असेल तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं औषध, लिटरला १ ते २ ग्रॅम संध्याकाळी. ते अळीच्या पोटात गेलं तरच चालतं, माव्यावर मारून उपयोग नाही.

तुळस, पुदिना, कोथिंबीर, कढीपत्ता यांवर औषध मारलं तर किती दिवसांनी खायचं?

जी पानं तशीच खातो त्यांच्यावर रासायनिक औषध मारूच नका, विशेषतः तुळशीवर, रोज कोणीतरी एक पान तोंडात टाकतंच. पाणी, साबण, नीम इथपर्यंतच, आणि खाताना नीट धुऊन. मिरची-टोमॅटो-वांग्यावर मारलंच तर लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत ते त्या त्या पिकासाठी लिहिलेलं असतं, ते पाळा. तुमच्या झाडाचं नावच लेबलवर नाही? मग ते औषध त्यासाठी नाही.

पाच कुंड्यांसाठी मास्क, हातमोजे वगैरे खरंच लागतं का?

लागतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, अंगावर संरक्षक काही नाही, औषधांची मिश्रणं, आणि सगळं अंगावर उडत होतं. बाल्कनीत प्रमाण फार कमी असतं हे खरं, पण जागाही कोंडलेली असते आणि टांगलेल्या कुंडीवर फवारताना औषध सरळ तोंडावरच येतं. विष फक्त नाकातून जात नाही, कातडीतूनही जातं. म्हणून नायट्राईलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क, आणि वारा पाठीमागून. मध्येच चहा नाही, तंबाखू नाही, मोबाईल नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुन्या टूथब्रशने साफ करा. झालं की आंघोळ, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

घरात मांजर आहे, माशांची टाकी आहे, खाली शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात…

शेजाऱ्यांना आधी सांगा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मांजरांना परमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं बाधतात, माशांना तर ती थेंबभरही सोसत नाहीत, टाकी झाका आणि तिचा एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा. पानं पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि प्राणी तिकडे फिरकायला नकोत.

झुरळांचा स्प्रे किंवा तंबाखूचं पाणी मारलं तर?

झुरळांच्या स्प्रेमधलं द्रावकच पानं जाळतं, तो झाडांसाठी बनवलेलाच नाही. तंबाखूचं पाणी ‘नैसर्गिक’ म्हणून लोक मारतात पण निकोटीन हे चांगलंच जहाल विष आहे, शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू लागू शकतो. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित हे डोक्यातून काढा.

आधी चालणारं औषध आता चालत नाही, कंपनी बदलू?

कंपनी नाही, गट बदला. इमिडाक्लोप्रिड सोडून थायामेथोक्झाम घेतलं तर नाव बदललं, काम तेच, दोन्ही एकाच गटातली, कीड दोघांनाही सरावलेली. मध्ये नीम, साबण, जैविक बुरशी असं आलटून पालटून घ्या. आणि मनाने दोन-तीन औषधं एकत्र करू नका, गंधक आणि तेल यांत तर दोन आठवड्यांचं अंतर हवंच, नाहीतर पानगळ.

झाडावर ठिपक्यांचे लाल किडे आणि काळ्या काटेरी अळ्या दिसतायत, मारायच्या का?

अजिबात नाही! मावा असलेल्या झाडावर त्या असतील तर ते लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांचीच पिल्लं, मावा फस्त करतात. पिल्लं दिसायला मगरीसारखी भयानक म्हणून बिचारी मारली जातात. मित्रकिड्यांची ताकद किती असते बघा, पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला सापडला आणि दक्षिणेत सगळीकडे पसरला, औषधांनी आवरला नाही, शेवटी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून अगदी बारीक परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या तेव्हा आटोक्यात आला. भुंगेरे दिसले तर आठवडाभर फवारणी थांबवा.

डोळ्यात किंवा पोटात गेलं तर?

डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, चोळायचं नाही, मग डॉक्टर. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने धुवा. पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसकट बरोबर न्या, इलाज औषधावर ठरतो. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर मिळतं. फवारणीनंतर गरगरणं, मळमळ, लाळ, खूप घाम, धूसर दिसणं असं काही झालं तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झोपून राहू नका.

बनवलेलं औषध उरलं, उद्या वापरू का? आणि रिकाम्या बाटलीचं काय?

उद्या नाही, पाण्यात कालवलेलं ठेवून जोर जातो. ज्या प्रकारच्या झाडासाठी होतं त्याच्यावरच संपवा, सिंकमध्ये, गटारात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्या, मग बाटलीला भोकं पाडा म्हणजे कोणी तेल-रॉकेल भरायला नेणार नाही. उरलेलं मूळ औषध त्याच बाटलीत, कुलपात, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच नाही. पंप साबणाने धुवा, आणि तणनाशक मारलेला पंप असेल तर तो या कामाला घेऊच नका, कितीही धुतला तरी थोडं राहतं आणि टोमॅटोची पानं वाकडी होतात.